नंदराणीचे गुडघे आणि साहेबाचा जिना

बंगालमधलं चंदननगर सोडताना फ्रेंच साहेबाने गंगेकाठची कोठी मागे ठेवली, आणि कोठीच्या पाठीला चिकटलेला लोखंडी चक्री जिनाही. पुढचा सागवानी जिना साहेब-मडमांचा, मागचा झाडूवाल्यांचा. मैल्याचे डबे मागून उतरले की मडमांच्या नाकांना त्रास नाही. पुढे कोठीचं म्युझियम झालं. स्वातंत्र्य पुढच्या जिन्याने वर गेलं. झाडूवाल्या हाडी जातीची नंदराणी मात्र सासूसारखीच झाडू घेऊन मागून चढत राहिली. नियमच होता: पुढचा जिना फक्त प्रेक्षकांसाठी.

साठीला टेकल्यावर तिचे गुडघे बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, गोल जिना बंद कर. जिना बंद म्हणजे नोकरी बंद, आणि नवरा तर अंथरुणाला खिळलेला. ती म्युझियम सांभाळणाऱ्या निशीथबाबूंकडे गेली.

"बाबू, पुढून जाऊ द्या. कठड्याला हातसुद्धा लावणार नाही."

"मासी, माझं काही म्हणणं नाही गं. पण समितीपुढे ठेवायला हवं."

आमच्या गावात माणसाला शिंक आली तरी समिती बसते. ही दक्षिणेच्या व्हरांड्यात बसली, जिथे हिरव्या झडपांमधून नदीचा वारा येतो. बिनदुधाचा लाल चहा, मुढी म्हणजे कुरमुरे, वांग्याची भजी. अध्यक्ष भवतोषबाबू, निवृत्त शिक्षक, हवा जरा गार झाली म्हणून माकडटोपी घालून आले.

"आधी हे ठरवा, जिना ओतला कुठे?"

"पॅरिसला."

"कसला पॅरिसला? हावड्याचा आहे. तिकडचा असता तर एवढा टिकला असता का?"

पुढच्या बैठकीत वाद पेटला. त्याच्या पुढच्या बैठकीत तो ईलिश मासा गंगेचा चांगला की पद्मा नदीचा, इथे येऊन पोचला. गुडघ्यांची पाळी आली तोवर भजी संपली होती.

"हा जिना कष्टकऱ्यांच्या अपमानाचा साक्षीदार आहे," भवतोषबाबू माकडटोपी काढून म्हणाले. "त्यावर आता कुणीच पाय ठेवू नये."

ठराव एकमताने मंजूर. जिन्याला दोर बांधायचा, पितळी पाटी लावायची.

दाराशी उभ्या नंदराणीने विचारलं, "मग मी वर जाऊ कशी?"

"ते जगद्धात्री पूजेनंतर बघू," भवतोषबाबू म्हणाले.

पाटी लागली. वरच्या मजल्यावर साहेबाच्या पलंगावर धूळ साचली. निशीथबाबूंनी काही दिवस नाकाला रुमाल लावून काढले. मग एका सकाळी नंदराणी बादली घेऊन पुढच्या जिन्याशी उभी राहिली, तेव्हा ते छताचा पंखा निरखू लागले. पंख्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

ती चढली. पायऱ्या रुंद आणि बुटक्या होत्या, मडमांचे घोळदार झगे अडखळू नयेत म्हणून बांधलेल्या. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही.

वरून एक कोलकात्याची बाई उतरत होती. पाटीचा फोटो नुकताच काढून झालेला. "बिचाऱ्यांना पुढून येऊसुद्धा देत नसत," ती नवऱ्याला सांगत होती. मग तिला बादली दिसली.

"अगं मासी, मागून नाही का जाता येत? साडीला लागेल."

"मागे इतिहास आहे, बौदी," नंदराणी म्हणाली. "तुम्ही जरा सरका."

बौदी कठड्याला टेकली, आणि नंदराणी मधोमध वर गेली.