निकोलासाबाईंनी वाचलेले जाहीरनामे

सिकुआनी या आमच्या डोंगरातल्या गावाच्या बाजारात निकोलासाबाई बावीस वर्षं चीज विकत होत्या. बाजाराच्या वरच्याच मजल्यावर आमचं रेडिओ केंद्र आहे. तिथली यंत्रं मी सांभाळते. एकदा आमचा निवेदक आजारी पडला आणि पहाटेची केचुआतली, म्हणजे आमच्या घरच्या भाषेतली निवेदनं वाचायला कोणी नव्हतं. चीज द्यायला वर आलेल्या बाईंच्या हातात मी कागद ठेवला. हरवलेल्या गाईचं निवेदन होतं. बाईंनी ते अशा काही जिव्हाळ्याने वाचलं की दुपारपर्यंत गाय सापडली. आमचे संचालक अबेलिनोसाहेब म्हणाले, "उद्यापासून तुम्हीच येत जा."

बाईंचं शिक्षण पाचवीपर्यंत. स्पॅनिश वाचताना ओळीखाली बोट धरायच्या, पण एकही शब्द गाळायच्या नाहीत.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली तेव्हा नऊ उमेदवार उभे होते. कोणाच्या आर्थिक योजनेत काय आहे, याची तुलना करायला साहेबांनी कुस्को शहरातून इबेथ नावाची अर्थशास्त्राची प्राध्यापिका बोलावली. ती स्पॅनिशमध्ये बोलणार, बाई केचुआत सांगणार. पहिल्याच दिवशी इबेथ राजकोषीय तुटीवर पाच मिनिटं बोलली. मग बाईंची पाळी. बाई गप्प. रेडिओवर शांतता म्हणजे माझा जीव टांगणीला! शेवटी बाई म्हणाल्या, "लोकहो, ही पोरगी हुशार आहे. पण ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. कळेल तेव्हा सांगते."

मी घाईघाईने गाणं लावलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. इबेथला मात्र हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती बाजारात आली आणि बाईंच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसली.

"तूट म्हणजे काय गं, पोरी?"

"सरकारकडे येतं कमी, खर्च होतो जास्त. ती तूट."

"म्हणजे घरात मेंढ्या पाच आणि उत्सवाचं गावजेवण आठ मेंढ्यांचं."

"अगदी तेच!"

"आणि गुंतवणूक?"

"आज न खाता पुढच्यासाठी ठेवलेलं."

"बियाण्याचे बटाटे. मग असं सरळ बोलत का नाहीस? एवढं विद्यापीठात गेलीस ते कशाला?"

त्या दिवसापासून दोघी रोज दुपारी जाहीरनामे वाचू लागल्या. एक नव्वद पानांचा होता, एक अकरा पानांचा. "अकरा पानांत देश?" असं म्हणत बाईंनी तोही शेवटपर्यंत वाचला. प्रत्येकाला त्यांचे तीनच प्रश्न असत: दूध-बटाटेवाल्यांसाठी काय करणार, त्याचा खर्च कोण देणार, आणि कधीपासून. उत्तर असलं तर जसंच्या तसं सांगायच्या. नसलं तर म्हणायच्या, "याबद्दल काही लिहिलेलं नाही," आणि पुढे जायच्या. टोमणा नाही, टाळी नाही.

एका पक्षाने मोठ्या खाणींना दहा वर्षं करमाफी देऊ केली होती. बाईंनी समजावलं, "आपण सगळे गावाचा कालवा साफ करायला जातो ना? कर म्हणजे तेच. इथे ज्याचं शेत सगळ्यात मोठं, त्याला घरी बसायची मुभा आहे. त्याने इथेच राहावं आणि चार पोरांना काम द्यावं म्हणून, असं ते म्हणतात. दुधाबद्दल काही लिहिलेलं नाही." दुसऱ्या पक्षाने सगळ्यांना फुकट खत कबूल केलं होतं. "जेवण मोठं आहे," बाई म्हणाल्या, "पण मेंढ्या कोणाच्या ते लिहिलेलं नाही."

झालं! एकाच दिवशी दोन्ही पक्षांचे लोक जिना चढून आले. खतवाल्या पक्षाचे गावातले प्रमुख, एक शिक्षक, अबेलिनोसाहेबांवर ओरडले. खाणवाल्या पक्षाचे गावातले प्रमुख होते वाल्दिर, दातांचे डॉक्टर. ते थेट बाईंना म्हणाले, "तुम्ही आमची बदनामी करताय. आमच्या जाहीरनाम्यात दुधाबद्दल काहीच नाही म्हणे?"

"डॉक्टर, माझी दाढ तुम्हीच काढलीत. छान काढलीत. आता तेवढं पान काढून दाखवा."

पान निघालं नाही, पण साहेब घाबरले आणि कार्यक्रम बंद झाला. बाई खाली जाऊन चीज कापत बसल्या. मला म्हणाल्या, "माझंच चुकलं. चीजवालीने चीज विकावं."

रविवारी बाजार भरला. वरच्या पठारावरच्या दहा-बारा बायका पाठीवरची गाठोडी न उतरवताच वर आल्या. पुढे होती कासिमिरा, अल्पाका हे लोकरीचे प्राणी पाळणारी. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "आमची सात घरं एका रेडिओभोवती बसतात. पाच उमेदवार झाले. उरलेल्या चौघांचं कोण सांगणार?"

"अहो, यावरून भांडणं होतात."

"भांडणं आधीही व्हायची, नुसती पक्षांच्या टोप्यांच्या रंगावरून. आता कामाच्या गोष्टींवरून होतात. ही बरी आहेत, होऊ द्या."

 साहेब मला म्हणाले, "उद्याची वेळ मोकळी ठेव." अट एकच घातली. प्रत्येक पक्षाच्या माणसाला दहा मिनिटं द्यायची, प्रश्न सगळ्यांना तेच आणि उत्तर केचुआत.

वाल्दिर डॉक्टर आले ते घामाघूम. घरची भाषा त्यांनी शाळेत असतानाच सोडली होती. शब्द अडखळत होते. बाई त्यांना हळूच शब्द पुरवत होत्या. दुधाचा प्रश्न आला. डॉक्टरांनी कागद चाळले, पुन्हा चाळले आणि बाजूला ठेवले.

"आमच्याकडे नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "असायला हवं होतं. माझी आई दूधच विकायची."

बाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "तुम्ही खरं सांगितलंत, डॉक्टर. आता खाणींचं सांगा. नीट सांगा, लोक ऐकताहेत."

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात राजधानीत, लिमाला, पक्षाच्या कचेरीला दुधाबद्दल पत्र पाठवलं. मतदानाच्या आदल्या शुक्रवारी दोन ओळींचं उत्तर आलं: 'सूचनेचा विचार करू.' बाईंनी तेही वाचून दाखवलं आणि सांगितलं, "म्हणजे अजून केलेला नाही."

निवडणूक झाली. आमच्या खोऱ्यातली मतं विभागली गेली. निवडून आला तो आमच्या इथे तिसरा होता. बाईंनी मत कोणाला दिलं ते नवऱ्यालाही कळलं नाही. तोरिबिओ काका माझ्यादेखत म्हणाले, "चाळीस वर्षं तुझ्या हातचं खातोय, एवढं तरी सांग की!"

"खा आणि गप्प बस," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता सगळं थंडावेल. पण जानेवारीत कासिमिरा पुन्हा आली. नगरपालिकेच्या सभेत वर्षाचा आराखडा ठरायचा होता, तो वाचायला बाई हव्या होत्या. इबेथही कुस्कोहून आली. त्या सभेत आमच्या बायका नेहमी मागे भिंतीला टेकून बसायच्या. या वेळी तीस जणी पुढच्या बाकांवर बसल्या. दूध थंड ठेवायची टाकी आराखड्यात आली, रकमेसकट आणि तारखेसकट.

टाकी दीड महिना उशिरा आली आणि ठरल्यापेक्षा लहान निघाली. तरी ती आली. बसवली त्या दिवशी आम्ही वरच्या पठारावर गेलो. खालच्या वाडीतल्या दोघींनी दुधाचे पहिले कॅन ओतले. बाईंनी टाकीच्या गार पत्र्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग वळून कासिमिराला म्हणाल्या, "आता दुसरीसाठी अर्ज कुठे करायचा, ते बघू या."