बावीस भाले आणि एक घसरगुंडी

सरदारभाईंनी औशात आणि आसपास किती फाटकं केली, हे त्यांनाही सांगता येत नाही. पण कुठलं फाटक त्यांच्या हातचं, ते मी चालत्या एस.टी.तून ओळखायचो. कंडक्टर होतो मी. खिडकीबाहेर बघण्यात माझं आयुष्य गेलं. त्यांच्या फाटकावर भाले असतात. प्रत्येक गजाच्या डोक्यावर वीतभर उंच, पिंपळपानासारखा फुगीर आणि शेंड्याला टोकदार. बाकीचे कारागीर बाजारातली ओतीव टोकं आणून चिकटवतात. सरदारभाई गजाचंच डोकं भट्टीत लाल करायचे, लोखंडी साच्यात ठेवायचे आणि घणाच्या चार ठोक्यांत भाला काढायचे.

बिलोलीच्या एका वकिलानं हौसेनं त्यांच्याकडून फाटक करून नेलं. एकदा वकीलसाहेब दुपारचे घरी आले, तर किल्ली कचेरीत राहिलेली. म्हणाले, आपलंच फाटक, चढून जाऊ. साहेब आत उतरले, पँट वरच राहिली. शेजाऱ्यांनी काठीनं काढून दिली. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता; वकिलानं आपल्या सासऱ्यासाठी तसंच आणखी एक फाटक सांगितलं. ही गोष्ट सरदारभाई स्वतः कधी सांगत नाहीत. मी सांगतो, ते चहा गाळत ऐकतात.

हे सगळं अलीकडं बंद पडलं. त्यांचा मुलगा बिलाल लातूरला पत्रा कापायच्या यंत्रावर काम करतो. मोबाइलवर मोर दाखवला की यंत्र मोर कापून देतं. हदगावचा मोर आणि औशाचा मोर एकसारखा, पिसाचाही फरक नाही. दोन वर्षं सरदारभाईंकडं नक्षी मागायला कुणी आलं नव्हतं. भट्टीवर पोती पडली होती. बिलाल म्हणायचा, "अब्बा, जागा अडकून पडली. ऐरण भंगारात देऊन टाकू."

मी त्या दुकानात बसलेलो असतानाच हे बोलणं निघालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या नातीला घसरगुंडी करून द्या. परसात, लिंबाखाली ठेवायची. पण नक्षीदार पाहिजे." माझी सून राजश्री शाळेत मास्तरीण आहे. ती प्लास्टिकची घसरगुंडी मागवायच्या विचारात होती. आमची मालविका चार वर्षांची.

बिलाल हसला. "बरं अब्बा, ही एक करा. यांनी ठेवून घेतली तर भट्टी राहिली. परत आली तर सोमवारी भंगारवाला."

"हाव," सरदारभाई म्हणाले. एवढंच.

बारा दिवसांनी टेम्पोतून घसरगुंडी आली, सोबत सरदारभाई. घसरायचा पत्रा जेवायच्या ताटासारखा गुळगुळीत, पायऱ्या निळ्या. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पट्टी वाकवून केलेली वेल, वेलीला पानं, पानांत मधेच एक चिमणी. मी तर हरखून गेलो. गल्लीतल्या चार जणांना बोलावून दाखवली.

राजश्री शाळेतून आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती घसरगुंडीभोवती फिरली आणि म्हणाली, "मामा, ही घसरगुंडी हाय का औशाचा किल्ला?"

मग मला दिसलं. कठड्यांच्या वर, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा, भाले उभे होते. खरं सांगतो, तोपर्यंत मला ते दिसलेच नव्हते. चाळीस वर्षं बघितलेली वस्तू डोळा मोजत नाही. ज्यांनी केले त्यांनाही दिसले नव्हते. सरदारभाईंनी आधी भाल्यांकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं.

"हात चालत गेला, बाई," ते म्हणाले. "नक्षी म्हटलं की गजाला डोकं काढायचं, एवढंच येतंय मला."

"चाचा, तुमच्या कामाला मी नावं ठेवत न्हाई. पण माझं लेकरू ह्याच्यावर चढणार न्हाई. घेऊन जा."

मी म्हटलं, ग्राइंडर मारून टोकं उडवा, दहा मिनिटांचं काम. सरदारभाईंनी मान हलवली. "बोडकं दिसंल, काका. बोडकं काम न्हाई देणार मी. चार दिवस द्या."

दुकानात त्यांनी बोल्ट काढून कठडे सुटे केले, पुन्हा भट्टी पेटवली, आणि तिरपा कठडा धरून एकेक भाला निखाऱ्यात खुपसला. टोक ठोकून बोथट केलं. मग चिमट्यानं वळवत वळवत, दोडक्याची वेल काडीला धरते तसं वेटोळं केलं आणि बोथट टोक आत दडवलं. मी रोज जाऊन बसत होतो. पहिल्या दिवशी तीन झाले. चौथ्या दिवशी घाईत सात.

घसरगुंडी परत आली तेव्हा टेम्पोतून त्यांची बायको मलिकाबीही आपली बांगड्यांची पेटी घेऊन उतरली. औशाच्या बाजारात ती तीस वर्षं बांगड्या भरते. राजश्रीनं वेटोळ्यांवरून तळहात फिरवला.

"टोकं गेली खरी. पण ह्यात पोरीचा हात गेला आन् अडकला तर?"

ह्याचा विचार मीही केला नव्हता.

मलिकाबीनं मालविकेला जवळ ओढलं, तिचा पंजा आपल्या मुठीत दाबून बघितला आणि पेटीतून एक हिरवी बांगडी काढली. "ह्या बांगडीतनं हिचा हात जातोय-येतोय. वेटोळ्याच्या आत ही सपाट बसली तर हात अडकत न्हाई. न्हाई बसली तर तुमचं खरं."

"बायको हाय का वकील?" सरदारभाई पुटपुटले.

"चाळीस वर्षं भाले करून राहिले, एक दिवस तरी मला माप विचारलं का? उगं बसा."

राजश्रीनं बांगडी स्वतःच्या हातात घेतली आणि पहिल्या वेटोळ्यात ठेवली. बसली. दुसऱ्यात बसली. मालविका मोजत होती. तिला अकरापर्यंतच येतं, त्यामुळं दुसरी बाजू तिनं पुन्हा एकपासून सुरू केली. सात, आठ. नवव्याला बांगडी अर्धी आत गेली आणि थांबली. राजश्रीनं जरा दाबली. कट् झालं.

"वाढली," मलिकाबी म्हणाली. दुसरी काढून तिनं राजश्रीच्या हातात दिली. राजश्रीनं उरलेली दोन वेटोळी बघितली. दोन्हींत बसली.

सरदारभाईंनी खिशातून पाना काढला. मला वाटलं नववं वेटोळं दुरुस्त करणार. ते खाली बसून बोल्ट सोडवायला लागले.

"काय करून राहिले, चाचा?"

"घेऊन जातो, बाई. दोनदा चुकलो."

"एकवीस बसल्या, एक न्हाई बसली. एवढ्यावर आम्ही शाळेत कुणाला नापास करत न्हाई. ते एक इथंच उघडा." मग जरा थांबून, "पण त्यात बांगडी बसल्याशिवाय पोरीला वर सोडणार न्हाई. सांगून ठेवते."

सरदारभाईंनी टेम्पोतून पाइपाचा तुकडा आणला, वेटोळ्यात घातला आणि अंगाचा भार टाकून ते थोडं थोडं उघडलं. बघायचे, पुन्हा भार टाकायचे. वीस मिनिटं गेली. बांगडी त्यांनी स्वतः ठेवून बघितली नाही. बाजूला सरकून उभे राहिले. राजश्रीनं ठेवली. बसली.

मालविका चढली, वर बसून तिनं वेलीतली चिमणी चाचपली, आणि घसरत खाली वाळूत आली. उठून पुन्हा पायऱ्यांकडं पळाली. राजश्री चहा ठेवायला आत गेली.

सोमवारी मी दुकानात होतो. भंगारवाला ठरल्याप्रमाणं आला. त्याला नको म्हणून कुणी कळवलंच नव्हतं. बिलालनं ऐरणीकडं बघितलं, मग बापाकडं.

"ती राहू दे," सरदारभाई म्हणाले. उठून त्यांनी भिंतीच्या खिळ्यावरचा भाल्याचा साचा काढला, फडक्यानं पुसला आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. "हे ने."

त्या खिळ्याला आता एक हिरवी बांगडी अडकवलेली असते, चार वर्षांच्या लेकराच्या मापाची.