बाईंनी काढून ठेवलेली बॅटरी

इंजिन धडधडत असले तरी बाई आवाज चढवत नसत. त्यांचे ऐकायचे तर आपणच जवळ जायचे. उमरेडच्या दिशेला एक छोटी खासगी धावपट्टी आहे; तिथल्या लहान विमानांची देखभाल त्या करत आणि मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली. त्यांना नाव होते, पण मालकांसकट सगळे बाईच म्हणत.

शहरातल्या मनीषनगरहून आम्ही दोघी त्यांच्या स्कूटरवर जात असू. शिकवायची त्यांची रीत अशी की सकाळी प्रश्न टाकायचा आणि त्यावर दुपारी बोलायचे. एकदा त्यांनी विचारले, बॅटरीचे काम काय? वीज देणे, मी लगेच म्हटले. जेवणाचा डबा उघडताना त्या म्हणाल्या, "किती वेळ, अन् किती जोरात, ते सांग ना वं."

ते मला त्या हिवाळ्यात कळले. शिकाऊ पायलट मुख्य स्विच चालू ठेवून जात आणि बॅटरी पार उतरे. इंजिन सुरू करायची बॅटरी क्षणभर खूप वीज देते, पण अशी वारंवार रिकामी झाली की लवकर मरते. मालक माणूस चांगला, पण घाईचा. ते एक डीप-सायकल बॅटरी घेऊन आले, इन्व्हर्टरला लावतात त्या जातीची. कितीही उतरली तरी पुन्हा भरणारी. बाईंनी ती बसवून पाहिली. सकाळच्या गारठ्यात विमानाच्या नाकावरचा पंखा जडपणे फिरला, अडला, आणि इंजिन कसेबसे लागले.

लागले ना, मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना लेकीला घेऊन काटोलकडे, मित्राच्या शेतातल्या पट्टीवर जायचे होते. ते आले तेव्हा बॅटरी बाहेर काढून ठेवलेली.

"काहून अडून राहिल्या बाई? रेडिओ तर हिच्यावर तासन्‌तास चालते."

"चालते. जमिनीवर पोरायले रेडिओ शिकवाले हीच ठेवा, मी जोडून देते. पण इंजिनले एकदम जोर लागते, तो हिच्यात नाही. तिकडं नाही लागलं, तर पोरीले घेऊन शेतात बसान. हिच्यावर मी विमान सोडत नाही."

मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. बाईंनी जुन्या जातीची नवी बॅटरी बसवली, तारा आवळल्या, इंजिन लावून दाखवले आणि हात पुसून निघून गेल्या. मालक लेकीला घेऊन गेले आणि सुखरूप परत आले. काहीच घडले नाही.

उन्हाळ्यात मालक मला घेऊन त्यांच्या घरी गेले, परत या म्हणायला. बाई पलंगावर होत्या. पोटात गाठ निघाली होती, ती पसरली होती. मालक चुकलो म्हणाले, तर त्यांनी मान हलवली आणि पोरे स्विच बंद करतात का, ते विचारले. मग माझ्याकडे बोट दाखवले. "माझ्या जागी हिले ठेवा. काम येते तिले. तुमाले नाही म्हणू शकन का, ते मले माहीत नाही."

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. घाटावर त्यांचे यजमान रडत होते, मालकही रडले. मला रडू आले नाही. मी उभी होते, मग घरी येऊन आंघोळ केली, जेवले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. एक टायर बदलायचा होता, तो बदलला. लोक बाईंविषयी बोलत तेव्हा मी ऐकत असे, जसे दुसऱ्या गावातल्या कुणाविषयी ऐकावे.

पुढे एकदा दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी मालकांनी मला सोबत वर नेले. खाली उमरेडच्या कोळशाच्या खाणी काळ्या पसरल्या होत्या. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "बाईची आठवण येते का वं तुले?"

मी समोरच्या, बॅटरीच्या काट्याकडे पाहिले.

"चार्जिंग बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी विमान हळूच वळवले. पट्टीवर उतरल्यावर मुख्य स्विच मी बंद केला.