रिपेअर आणि रीवर्क

गळ्यात पिवळा टॅग. त्यावर काळ्या शाईत एकच शब्द, रीवर्क. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत तो बिघडलेल्या मालाला अडकवतात. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तो माझ्या गळ्यात अडकवला.

कारण एवढंच. तपासणीला बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी मला विचारलं, रिपेअर आणि रीवर्कमध्ये फरक काय? मी म्हणाले, "एकच की, सर." आमच्या तोंडी दोन्हीला एकच शब्द, रिपेरी. नऊ वर्षं माल तपासतेय, पण शिक्षण दहावी, तेही मराठी शाळेत. पाहुणे गेल्यावर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मागवाल्याची पोर. हिलाच रीवर्कला पाठवा."

सगळे हसले. मीही हसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टॅग घालून उभी राहिले. साहेबांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या हसण्याची लाज जास्त वाटते. वडगावात माझी आई माग चालवते. त्या मागावर मी वाढले. तिच्या कामाची टवाळी झाली आणि मी दात काढले.

घरी जाताना बसमध्ये मोबाइलवर फरक वाचला. रीवर्क म्हणजे जादाचं लोखंड घासून माल अगदी गिऱ्हाइकानं दिलेल्या नकाशाप्रमाणे करणं. रिपेअर म्हणजे चीर वेल्डिंगनं बुजवणं. माल चालतो, पण नकाशाप्रमाणे राहत नाही, आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय द्यायचा नसतो.

आईला सांगितलं. ती मागावरून मान न उचलता म्हणाली, "ह्यात काय गं नवीन? मागावर सुताची तार तुटली तर सांधायची, लुगडं हुतं तसंच ऱ्हातंय. मागावरनं उतरल्यावर फाटलं तर रफू. रफू केल्यालं दुकानदाराला दावून द्यायचं. न्हाय दावलं तर ती चोरी."

म्हणजे मला हे परकर घालत होते तेव्हापासून ठाऊक होतं. कुणी इंग्रजीत विचारलं की आपल्याला काहीच येत नाही, असं मीच धरून चालले होते. लई राग आला. साहेबांचा कमी, माझाच जास्त.

आठ दिवसांनी ट्रॅक्टरच्या ब्रेकचे भाग आले. चिरा वेल्डिंगनं बुजवून वर रंग मारलेला. कागदावर लिहिलेलं, रीवर्क. साहेब म्हणाले, "सही कर."

"साहेब, हे रिपेअर हाय. गिऱ्हाइकाला सांगिटलंय काय?"

"तुला कधीपासून इंग्रजी यायला लागलं?"

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ब्रेक हाय साहेब. माणूस मरंल. मी सही करणार न्हाय."

सही दुसऱ्याकडून घेतली. माल गेला. तो अडवता आला नाही, याचीही लाज आहे. मला तपासणीवरून काढून साच्यांची वाळू चाळायला घातलंय. चाळतेय. पण त्या मालाचे नंबर मी उतरून ठेवलेत. उद्या सकाळी गिऱ्हाइकाच्या कंपनीला फोन लावणार आहे. मराठीतच सांगणार आहे, माझं नाव सांगून.