मिस्त्रींचा कान आणि करवतीचा खोकला

गल्लीत त्यांना सगळे ‘कानवाले मिस्त्री’ म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं होतं. चेनच्या करवती, गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, दोरी ओढून सुरू होणारं काहीही त्यांच्या दुकानात यायचं. बिघाड सांगायला गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मिस्त्री हात वर करायचे. “तुम्ही गप्प बसा. तिला बोलू द्या.” मग डोळे मिटून, मान तिरकी करून ते दोरी ओढायचे आणि निदान ठोकून द्यायचे. गिऱ्हाईक थापा मारतं, यंत्र खरं बोलतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यात तथ्यही होतं. शिळं पेट्रोल घालून आणणारा माणूस ‘कालच भरलंय’ असंच सांगतो.

करवत सुरू कशी करायची यावर त्यांचं एक प्रवचन होतं, आणि ते ऐकल्याशिवाय कोणाला करवत परत मिळत नसे. “थंड करवत आधी नुसती खोकते. खुक्! एवढंच. ते ऐकू आलं की चोक लगेच आत ढकलायचा आणि मग ओढायचं. खोकल्यावरही चोक तसाच ठेवून ओढत बसलात, तर ती पेट्रोल पीत सुटते. मग प्लग ओलाचिंब आणि तुम्हीही.” काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या बायकोला हे प्रवचन झोपेतही म्हणता आलं असतं. पण काउंटर ओलांडून पान्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. “तुला कान नाही,” मिस्त्री म्हणायचे. कान तिला चांगले दोन होते. संसार चालावा म्हणून त्यातला एक ती बंद ठेवायची.

मग हळूहळू जगाचा आवाज कमी होत गेला. मिस्त्रींच्या मते चूक जगाची होती. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, टीव्हीवरचे बातम्या सांगायच्या सोडून पुटपुटतात, दाराची घंटासुद्धा कंपनीने फसवून दिली. “एकदा कान दाखवून येऊ या का?” असं बायकोने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते त्यांना ऐकू गेलं. “माझ्या कानाला काय धाड भरलीय?” ते इतक्या जोरात ओरडले की रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानदाराने काचेच्या दाराआडून मान वर केली.

त्याच सुमारास करवतीही रुसल्या. गिऱ्हाइकाच्या हातात बऱ्यापैकी चालणारी करवत मिस्त्रींच्या हातात आली की मुकी व्हायची. मिस्त्रींनी आधी पेट्रोलला शिव्या घातल्या, मग ऑइलला, मग प्लग बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना. फिल्टर धुतले, कार्बोरेटर खोलून परत बसवले. खोलून बघायचं राहिलं ते फक्त स्वतःचं डोकं.

अशात एके सकाळी सार्वजनिक बागेचा मुकादम आला. बागेची सगळी यंत्रं इथेच यायची आणि निम्मं दुकान त्यांवरच उभं होतं. एकच करवत तो पुन्हा पुन्हा परत आणत होता, आणि आज त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “वहिनी,” तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, “आज माझ्यासमोर सुरू झाली नाही, तर आमचं सगळं काम समोरच्या दुकानात द्यायला सांगितलंय साहेबांनी.”

मिस्त्रींनी चोक ओढला, डोळे मिटले, मान तिरकी केली आणि दोरी खेचायला लागले. थोड्याच वेळात करवत खोकली. खुक्. मुकादमाने ऐकलं, बायकोने ऐकलं. मिस्त्री खेचतच राहिले.

“मिस्त्री, बोलली ना ती!”

“ओली? ओली कशी असेल?” मिस्त्री उखडले. “प्लग आत्ता पुसलाय मी.”

“ओली नाही हो, बोलली!”

“मी तरी काय म्हणतोय? नाहीच ओली!”

आणखी बराच वेळ दोरी आणि मिस्त्री यांची झटापट चालली. शेवटी धापा टाकत त्यांनी प्लग काढला. त्यातून पेट्रोल ठिबकत होतं. मिस्त्री मनाने मोठे. “आहे खरी ओली,” ते म्हणाले. “तुमचं बरोबर होतं.”

मुकादमाने कपाळाला हात लावला. “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. समोर नेतो मी.”

हे शब्द मिस्त्रींपर्यंत पोचले नाहीत, पण मुकादमाचा चेहरा पोचला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचाही चेहरा तसाच. आणि मिस्त्री घाबरले. खरं सांगायचं तर ते कधीचेच घाबरलेले होते. आरडाओरडा सगळा त्यावर पांघरूण घालायला होता.

काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली. “थांबा जरा,” ती मुकादमाला म्हणाली, आणि नवऱ्याच्या समोर उकिडवी बसली. मिस्त्रींनी निमूटपणे प्लग कोरडा केला, आतलं पेट्रोल उडवून टाकलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग सगळं पुन्हा बसवून चोक दिला. दोरी ओढली. पुन्हा ओढली. खुक्! तिने झटकन त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने चोक आत ढकलला आणि मान हलवली.

पुढच्या ओढीला करवत गर्जत उठली. ते मात्र मिस्त्रींना तळहातांतून समजलं.

“वहिनी, तुम्हीपण मिस्त्री?” मुकादम आवाजावर आवाज चढवत म्हणाला.

“यांनीच शिकवलं,” ती म्हणाली. मुकादम करवत घेऊन खुशीत बागेकडे गेला.

दुकान बंद करताना मिस्त्री तिच्याकडे पाठ करून पाने पुसत होते. पुसलेलेच पाने पुन्हा पुसत होते. “मला ऐकू येत नाही गं,” ते म्हणाले, इतक्या हळू की ऐकायला तिचेच कान हवे होते. ती फिरून त्यांच्या समोर आली, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिली. “माहितीये,” म्हणाली.

कान दाखवायला ते अजून गेलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात नक्की जाणार आहेत, गेले कित्येक आठवडे. पण आता दोरी ओढताना ते डोळे मिटत नाहीत. नजर सरळ काउंटरवर. करवत खोकली की ती मान हलवते आणि चोक आत जातो. मुकादमाने मात्र गल्लीभर केलंय की मिस्त्री म्हातारपणी बायकोच्या प्रेमात पडले, तिच्यावरून नजर हटत नाही. मिस्त्री लाजतात, पण नाही म्हणत नाहीत. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बायकोवेडा परवडला.

आणि तिचं म्हणाल, तर कधीकधी करवत खोकल्यावरही ती मान हलवायला जरा उशीर करते. एवढ्या संसारात त्यांनी तिच्याकडे असे डोळे लावून कधी पाहिलं नव्हतं. एखादा प्लग ओला झाला तर होऊ दे.