पप्पांच्या फोनमधली सेटिंग

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे फोनचं काहीही अडलं की तो माझ्या हातात येतो. मला खरंच येतं का, हे कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

सेमिनारसाठी मी डिजिटल स्वायत्तता हा विषय घेतला होता. वेबसाइटचं नाव टाकलं की फोन आधी कुणाला तरी तिचा पत्ता विचारतो. हे विचारणं परदेशी कंपनीकडे कशाला जावं? आता सरकारच्या पाठिंब्याची आपली सेवा आहे. मला ते मनापासून पटलं होतं. रविवारी पप्पा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये त्या सेवेचा पत्ता घातला. घरी सगळं उघडलं. मी खूश.

पप्पा इथे परराज्यात, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आहेत. तिथे सुट्टीचा अर्ज ॲपवर करायचा, आणि ते ॲप फक्त कारखान्याच्या वायफायवर चालतं. सोमवारी सकाळी आठला उघडतं, पाच मिनिटांत सुट्टीच्या जागा संपतात. सोलापूरला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पप्पा चार वर्षांत गावी गेले नव्हते.

संध्याकाळी ते आले आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

"नेटच नव्हतं. सगळ्यांचं चालू, माझंच बंद. सुपरवायझर हसला, म्हणे मुलगी इंजिनियर ना तुझी?"

मग मला कळलं. कारखान्याचं वायफाय फोनला वेबसाइटचा पत्ता तिथल्याच यंत्रणेला विचारू देतं, बाहेरच्या कुणाला नाही. मी फक्त घरी तपासलं होतं.

"पप्पा, मी एक सेटिंग बदलली होती. आपल्या देशाचीच सेवा आहे, म्हणून..."

"असू दे की. पण मला सांगायचंस तरी."

देशाने कुणावर अवलंबून राहू नये, यावर माझ्या बावीस स्लाइड तयार होत्या. पप्पांना विचारावं, हे एकीवरही नव्हतं. स्वतःचा इतका राग आला की सेटिंग काढताना दोनदा चुकले.

"आत्याला फोन लाव," पप्पा म्हणाले. "की तोही लागत नाही आता?"

लागला. आत्या ओरडत होती, दरवेळी तुझं हेच. पप्पा म्हणाले, "अगं, जागा संपल्या." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.