चिकूएवढ्या बैलांचा कॅमेरा

"आधी याला बघा, मग माझ्याशी बोला," असं म्हणत ती पिशवीतून स्वतः शिवलेला चिकूएवढा कापडी बैल काढायची आणि माझ्या काउंटरच्या काचेवर उभा करायची. तोंड समोरच्या माणसाकडं. बैलाची पाठ बघणाऱ्याकडं झालेली तिला चालायची नाही.

जामखेडला माझा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणायचं, एवढंच. लग्नातले फोटो आता नवरदेवाचे मित्रच मोबाईलवर काढतात. मी पासपोर्ट फोटोंवर आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीवर दुकान चालवतो. ती पहिल्यांदा आली तेव्हा पोळा नुकताच होऊन गेला होता. तो बैल तुम्ही पाहायला हवा होता. खिलारी शिंगं, गळ्यात मोहरीएवढे मणी, पाठीवर लाल झूल आणि झुलीला गोंडेसुद्धा!

"पुन्याच्या एका दुकानवालीला फोटो पाठवायचेत," ती म्हणाली. "मोबाईलवर काढून धाडले, तर म्हनती, बैल हाय का हत्ती?"

दुकानवालीचंही खरं होतं. मोबाईल फार जवळ नेला की बैलाचं नाक फुगायचं. मी तीन छोटे कॅमेरे काढून ठेवले आणि त्यातल्या सगळ्यात चकचकीत कॅमेऱ्याची भरपूर तारीफ केली. तिनं एक फोटो काढला. बैल धूसर आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र स्वच्छ.

"हा आमच्या सरपंचावानी हाय, भाऊ. लांबचं दिसतंय, जवळचं न्हाई."

दुसऱ्यात लाल झूल भगवी आली. "हा लबाड. ठेवून द्या." तिसऱ्याचा रंग उडालेला होता, पण त्याच्यावर फुलाच्या चित्राचं बटण होतं. ते दाबलं की चार बोटं अंतरावरची वस्तूही नीट दिसायची. त्या फोटोत झुलीचा टाका न् टाका मोजता येत होता. बाजारात बैल चालवून बघतात तसा तिनं तो कॅमेरा दारात, सावलीत, उन्हात नेऊन पाहिला आणि मगच घेतला.

चहा पिताना तिनं घाईचं कारण सांगितलं. दरवर्षी दसरा झाला की ती आणि नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. मुलगी पाचवीत. मागं ठेवायला घरात कुणी नाही आणि बरोबर न्यावी तर शाळा बुडते.

"दसऱ्याच्या आत ऑर्डर आली तर यंदा आमी जानार न्हाई. पोरगी शाळेत बसंल."

घराच्या उंबऱ्यात, सकाळच्या उजेडात, पालथ्या पांढऱ्या ताटावर बैल उभे करून तिनं फोटो काढले. कार्ड घेऊन आली, मी ते पुण्याला पाठवून दिले. उत्तर लगेच आलं. फोटो सुरेख आहेत, पण प्रत्येक बैलाच्या कानामागं एक काळा टाका चुकून पडलाय. तेवढा काढलात तर ऑर्डर पक्की.

'चुकून' वाचून मला हसू आलं. ती हसली नाही.

"ती तीट हाय. दृष्ट लागू ने म्हनून."

"एकच तर टाका आहे. नका घालू."

"तुमच्या नातवाला तीट न लावता जत्रंत न्याल का?"

मी तिला धंदा कसा करावा हे समजावू लागलो. उत्तर नसलं की माणूस हेच करतो. शेवटी म्हणालो, "तो धूसर कॅमेरा घेतला असता तर हा टाका कुणाला दिसलाच नसता."

"यानं हाय ते दाखवलं. त्याला काय बोलायचं?"

मी पुण्याला तिटीचा अर्थ लिहून पाठवला. त्यांचं म्हणणं, आमच्या गिऱ्हाइकांना तो डागच वाटेल, माल परत येईल.

मग ती बरेच दिवस फिरकली नाही. दसरा तोंडावर आला आणि एका बाजारच्या दिवशी ती नवा बैल घेऊन आली. मी चष्मा लावून कानामागं पाहिलं. स्वच्छ होतं.

"पोरीची शाळा हाय," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. खरं सांगतो, सल्ला माझाच होता, पण त्या उघड्या कानाकडं बघून मलाच वाईट वाटलं.

ऑर्डर आली. पार्सल माझ्याच दुकानात बांधलं. एकेक बैल कापसात निजवून मायलेकींनी खोका भरला. चिकटपट्टी लावून झाल्यावर तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि खोक्याच्या एका कोपऱ्याला ठिपका लावला.

कुरिअरवाला म्हणाला, "ताई, डाग पडला की."

"डाग न्हाई, बाबा. पुसू नगा. लेकरं पयल्यांदाच एवढ्या लांब चाललीत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं ठिपका सोडून पत्त्याचा कागद चिकटवला.

दसरा झाला आणि टोळ्या निघाल्या. तिच्या वस्तीचा ट्रक दुकानासमोरून जाताना गर्दीत थांबला. भांडी, गाठोडी, एक शेळी आणि वर दाटीवाटीनं बसलेली माणसं, पोरं. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलो आणि एकेक तोंड पाहिलं. ती नव्हती. मुलगीही नव्हती. ओळखीचं माणूस दिसलं नाही म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.